पत्नीसाठीं रिव्हॉल्व्हर निवडतांना



रिव्हॉल्व्हर ही दागिन्याप्रमाणें भेट म्हणून आणावयाची वस्तु नव्हे. आपल्या देशांत कायद्यालाही तें मान्य नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्यानें परवाना व्यक्तीला मिळतो, कुटुंबाला नव्हे. स्वसंरक्षणासाठीं अर्ज करणाऱ्याचें वय २१ वर्षें पुरें असावें लागतें, आणि २०१६ च्या नियमांनीं शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखलाही आवश्यक केला आहे. तेव्हां पतीनें परस्पर निवड करूं नये. जिच्या हातीं शस्त्र राहावयाचें, तिनेंच तें निवडावें.

लहान व हलकें शस्त्र स्त्रियांना सोयीचें, असा एक समज आहे. २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें ‘निर्भीक’ नांवाचें .३२ चें सहाबारी रिव्हॉल्व्हर काढलें. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळें त्याचें वजन सुमारे ५०० ग्रॅमच भरतें. हें बाळगण्यास सोयीचें खरें, परंतु शिकण्यास नव्हे. गोळी पुढें जाते तितक्याच जोरानें शस्त्र मागें येतें. काडतूस तेंच ठेवून शस्त्राचें वजन निम्में केलें, तर मागें येण्याचा वेग दुप्पट होतो. शिवाय नळी आंखूड असली कीं नेमाचीं दोन टोकें जवळ येतात व हाताची किंचित् चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते.

नवशिक्या हाताला धक्क्यापेक्षां धक्क्याची भीति अधिक बाधते. बार होण्यापूर्वींच डोळे मिटतात, मनगट झुकतें, आणि ही खोड एकदां जडली कीं सुटतां सुटत नाहीं. म्हणून आरंभ नेमबाजीच्या क्लबांत हवेच्या पिस्तुलावर किंवा .२२ च्या शस्त्रावर करावा. कानांवर आवाज अडविणारीं साधनें व डोळ्यांवर चष्मा असावाच. शिक्षकही शक्यतों पति नसावा. संसारांतील रागलोभ नेमबाजीच्या मैदानावर उपयोगी पडत नाहींत.

पुढें निवड करतांना, शस्त्र रिकामें असल्याची स्वतः खात्री करून घेऊन, दोन गोष्टी पाहाव्या. मूठ नीट धरली असतां तर्जनी चापापर्यंत सहज पोहोंचते काय? आणि घोडा न चढवितां केवळ चाप ओढला, तर नेम ढळतो काय? त्या एका ओढींत घोडा उठतो व काडतुसांचें चक्रही फिरतें. म्हणून ती ओढ जड लागते. बोट थरथरलें, तर तें शस्त्र त्या हाताचें नव्हे.

अखेरचा विचार घराचा. मुलें असलेल्या घरीं शस्त्र रिकामें करून कुलुपांत आणि काडतुसें वेगळ्या कुलुपांत ठेवलींच पाहिजेत. आणि इतकें शिकून झाल्यावरही पत्नी ‘मला हें नको’ म्हणाली, तर तिची समजूत घालीत बसूं नये. जें शस्त्र धरावयास मन तयार नाहीं, तें संकटाच्या वेळीं दुसऱ्याच्या हातीं जाण्याचा संभव अधिक. दाराचा भक्कम अडसर व शेजाऱ्यांशीं सलोखा हींही संरक्षणाचींच साधनें आहेत, आणि त्यांस परवाना लागत नाहीं.