जुन्या टॉवरमधले घर घ्यावे का?



जुन्या टॉवरमधला फ्लॅट बघायला गेलेले कुटुंब आधी खिडकीशी जाते. अठराव्या मजल्यावरून खाडी दिसते, वारा भरभरून येतो, खोल्या ऐसपैस असतात आणि शेजारच्या नव्या इमारतीपेक्षा भाव कमी असतो. मन तिथेच बसते. ही ओढ खोटी नाही. 1980-90च्या दशकांतल्या अनेक घरांत जी मोकळीक आहे, ती आज त्या पैशांत मिळत नाही. पण या ओढीला लगेच एक आशा चिकटते, आणि दलाल ती आवर्जून बोलून दाखवतो: आज ना उद्या रिडेव्हलपमेंट होईल, तेव्हा मोठे घर मिळेल. आज मला मुख्यतः या आशेविरुद्ध बोलायचे आहे.

पार्ले, मुलुंड, चेंबूर इथे चार मजली सोसायट्या पाडून टॉवर उभे राहिलेले आपण पाहिले. तिथे जमत होते, कारण जमीन बरीच आणि बिऱ्हाडे थोडी. समजा, 2,000 चौरस मीटरचा भूखंड आहे. त्यावर 32 फ्लॅट असतील तर प्रत्येकामागे 62 चौरस मीटर जमीन पडते. त्याच भूखंडावर बावीस मजली इमारत आणि 88 फ्लॅट असतील तर 23 चौरस मीटरसुद्धा पडत नाही. कायद्याने जमीन अशी वाटली जात नाही, ती सबंध सोसायटीची असायला हवी. पण बिल्डर कागदावर पहिला भागाकार हाच करतो. त्याला 88 कुटुंबांना फुकट घरे द्यायची, काही वर्षे भाडे द्यायचे, टॉवर पाडायचा, आणि उरलेली घरे विकून हे सगळे भागवायचे. मुंबईच्या ‘विकास नियंत्रण नियमावली 2034’मध्ये तीस वर्षे झालेल्या सोसायट्यांना 33(7)(ब) या तरतुदीखाली जादा चटईक्षेत्र मिळते: आहे त्याच्या 15 टक्के किंवा घरामागे 10 चौरस मीटर, जे अधिक असेल ते. रहिवाशांना वाढीव जागा देतानाच ते बव्हंशी संपते.

अपवाद आहेत. उपनगरांत तेव्हा चटईक्षेत्र निर्देशांक फक्त 1 होता, त्यामुळे काही उंच इमारती मोठ्या मोकळ्या आवारात उभ्या आहेत आणि तिथे वाव असू शकतो. पण तो वास्तुविशारदाकडून आकड्यांत मांडून घ्या. शिवाय जमीन कोणाच्या नावावर आहे, हे मालमत्ता पत्रकावर बघा. 1963च्या मोफा कायद्यानुसार सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचे सोसायटीच्या नावे हस्तांतरण, करून द्यायचे असते. असंख्य बिल्डरांनी ते केले नाही, म्हणून 2008 साली मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची) तरतूद आणावी लागली. इतक्या वर्षांत तेही करून न घेतलेली सोसायटी पुनर्विकासाच्या गोष्टी करत असेल, तर त्यावर पैसे लावू नका.

म्हणजे घर घ्यायचे तर ही इमारत पुढची पंचवीस वर्षे अशीच उभी राहणार आणि ती आपल्यालाच राखावी लागणार, असे धरून घ्यायचे. मग पहिला प्रश्न काँक्रीटचा.

काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्या अल्काच्या आवरणाखाली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरतो, तसे हे संरक्षण बाहेरून आत संपत जाते. समुद्राकाठी क्षार त्यात भर घालतात. सळई गंजली की फुगते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट जागा लागते, आणि वरचे काँक्रीट फुटून पडते. छज्ज्यांचे पोपडे आपल्याला दिसतात, ते या गोष्टीचे शेवटचे प्रकरण असते. आयएस 456 हे मानक 2000 साली सुधारले, तेव्हा सळईच्या काँक्रीटसाठी किमान एम 20 ही प्रत ठरली आणि किनाऱ्यावर त्याहून वरची. त्याआधी एम 15 चालत असे. तेव्हाच्या इमारती कमकुवतच, असे मी म्हणत नाही. चांगल्या देखरेखीखाली झालेले जुने काम आजही ठणठणीत सापडते. पण ते तपासूनच कळते. कोअर काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण टाकले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते, संरक्षण गेलेले रंगहीन राहते. हा रंगहीन थर सळईपर्यंत पोचला आहे का, एवढे अहवालात शोधा.

अहवाल असायलाच हवा. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. तुम्ही अजून सभासद नाही, सोसायटी तुम्हाला कागद नाकारू शकते. विकणारा सभासद आहे, त्याला ते मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्याच्याकडून ऑडिट, तीन वर्षांचे ताळेबंद आणि वार्षिक सभांची इतिवृत्ते मागवा. मला विचाराल तर ही इतिवृत्ते ऑडिटहून मोलाची. दुरुस्तीचा विषय दरवर्षी पुढच्या सभेवर ढकलला जात असेल, तर त्या इमारतीचा आजार काँक्रीटपुरता नाही.

आणि पैसा. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दराने जमवायचा असतो, पण हा खर्च त्या वेळचा. 1985 साली 2 कोटींत बांधलेली इमारत घ्या. वर्षाला 50 हजार, चाळीस वर्षांत 20 लाख, व्याजासकट 60 लाख धरा. आज बावीस मजल्यांना परांची बांधून कॉलमचे जॅकेटिंग आणि बाहेरचे प्लास्टर करायचे तर अंदाज 3 कोटींचाही येऊ शकतो. नियम तंतोतंत पाळूनही पाचवा हिस्साच जमलेला असतो. दरमहा मेंटेनन्स कमी आहे, हे जुन्या टॉवरचे कौतुक म्हणून सांगितले जाते. मला ते धोक्याचे लक्षण वाटते.

लिफ्ट, पंप, गच्चीवरची टाकी, डक्टमधले पाइप हे सारे बदलण्याजोगे असते, त्यावर फार वेळ घालवत नाही. आगीचे मात्र वेगळे. जानेवारी 2022 मध्ये ताडदेवला वीस मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आग लागली आणि माणसे गेली. राज्याच्या 2006च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते मागाच, पण स्वतः जिन्याने खाली उतरा. प्रत्येक मजल्यावर होजपाइप आहे का आणि जिन्यात कपाटे, सायकली तर नाहीत ना, हे उतरताना दिसते.

कागदांत भोगवटा प्रमाणपत्र सगळ्यांत आधी, आणि ते तुमच्या मजल्यापर्यंतचे. वरळीच्या कॅम्पाकोला संकुलात मंजुरीपलीकडे चढवलेल्या मजल्यांवर लोक पाव शतक राहिले, कर भरले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदाच ठरवले. फ्लॉवर बेड खोलीत घेतले असेल तर ते क्षेत्रफळ किमतीत मोजू नका. विकणारा केवळ नॉमिनी असेल तर इतर वारसांची संमती घ्या, कारण नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. इमारत रेराच्या आधीच पूर्ण झालेली असल्याने त्या नोंदणीचा आधार इथे नाही. हे सारे तुमच्या वकिलालाच बघायचे आहे.

हे सगळे बघून इमारत पसंत पडली, तर घर जरूर घ्या. मात्र भाव ठरवताना दुरुस्तीचा हिशेब टेबलावर ठेवा. वरच्या उदाहरणात 3 कोटींतून 60 लाख वजा जाता 88 घरांवर प्रत्येकी सुमारे 2 लाख 73 हजार येतात. तेवढे किमतीतून मागा. सभेने दुरुस्ती वर्गणी आधीच मंजूर केली असेल आणि हप्ते बाकी असतील, तर ते विकणाऱ्याने भरायचे की तुम्ही, हे करारनाम्यात लिहून घ्या, कारण शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर झाल्यावर सोसायटी ते तुमच्याकडेच मागणार.