जुन्या फटफटीचें वंगण

गिरगांवांतील एखाद्या वाडीच्या तोंडाशीं किंवा दादरच्या जुन्या इमारतीच्या जिन्याखालीं ताडपत्रीनें झांकलेली फटफटी अजूनहि दृष्टीस पडते. वडिलांनीं बढती मिळाल्यावर हौसेनें घेतलेली ती गाडी मुलाला विकवत नाहीं. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते, टांकी पुसून लखलखीत केली जाते, हँडलला हळदकुंकू लागतें. परंतु ज्या लिटर-दोन लिटर तेलावर तिचें आयुष्य अवलंबून असतें, तें तेल शेवटीं केव्हां बदललें असें विचारलें, कीं घरांतील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

वास्तविक परळ-लालबागच्या लोकांना वंगणाचें महत्त्व सांगावयास नको. या गिरणगांवांत एके काळीं लाखों चात्या फिरत होत्या आणि यंत्रांना वेळेवर तेल देणारा ऑइलर हा गिरणींतील नेहमींचा कामगार होता. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पण यंत्र आणि तेल यांचें नातें मात्र बदललेलें नाहीं.

इंजिनांत पिस्टन मिनिटाला हजारों वेळां खालीं-वर होतो. धातूवर धातू घांसूं नये म्हणून मध्यें तेलाचा केंसाहूनहि पातळ असा पापुद्रा असावा लागतो. एवढेंच करून तेल थांबत नाहीं. तें उष्णता वाहून नेतें, काजळी आपल्यांत धरून ठेवतें, पिस्टनच्या कड्यांभोंवतालची फट बुजवितें आणि लोखंडाला गंजापासून जपतें. वाऱ्यावर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाला रेडिएटर नसतो. त्यामुळें थंडाव्याचें बरेंचसें ओझेंहि तेलावरच येऊन पडतें.

असें हें तेल बिघडतें तरी कशानें? उष्णता व हवा यांच्या संयोगानें तें हळूहळू घट्ट होतें; न जळलेलें पेट्रोल मिसळलें तर पातळ होतें. तिसरा शत्रु म्हणजे पाणी. पेट्रोल जळतांना पाण्याची वाफ निर्माण होते. लांबच्या प्रवासांत इंजिन चांगलें तापतें व ही वाफ निघून जाते. परंतु दादरहून परळ, परळहून लालबाग, आणि भाजी घेऊन परत, अशा दहा मिनिटांच्या फेऱ्यांत इंजिनाला तापावयास सवडच मिळत नाहीं. वाफेचें पाणी होतें, तें तेलांत उतरतें आणि त्यांत आम्ल धरूं लागतें. म्हणून "गाडी फारशी चालतच नाहीं, मग तेल कशाला बदलावयाचें?" हा युक्तिवाद फसवा होय. कमी चालणाऱ्या गाडीचेंहि तेल वर्षांतून निदान एकदां, शक्यतों पावसाळा संपतांच, बदललेलें बरें.

पाण्याचा दुसरा मार्ग अधिक भयंकर आहे. दादर-परळच्या सीमेवरील हिंदमाता हा भाग बशीसारखा खोलगट. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस मुंबईकर विसरलेले नाहींत. हिंदमात्याचें पाणी सांठविण्यासाठीं अलीकडे दादर व परळ येथें जमिनीखालीं मोठ्या टांक्या बांधण्यांत आल्या आहेत. तरीहि मुसळधार पावसांत गाडी पाण्यांत सांपडण्याचा प्रसंग केव्हां येईल याचा नेम नसतो.

अशा प्रसंगीं लालबागच्या चाळींतला एखादा तरुण काय करतो तें पाहावें. रात्रभर पाण्यांत उभी असलेली गाडी तो सकाळीं घाईघाईनें बाहेर ओढतो. कामाची वेळ झालेली, मागें बहिणीला परळला सोडावयाचें. तो किकवर किक मारीत सुटतो. सिलिंडरांत पाणी असेल तर तें हवेसारखें दाबलें जात नाहीं, आणि पिस्टनचा दांडा वांकूं शकतो. समजा, इंजिन सुरू झालेंच, तरी पाणी मिसळलेलें तेल धातूला वांचवूं शकत नाहीं. एखाद्या दिवशीं भर रस्त्यांत इंजिन जाम होतें, मागचें चाक जागच्या जागीं अडकतें आणि पाठीमागून बस येत असते. तेलाच्या एका डब्याची किंमत त्या क्षणीं कळून काय उपयोग? म्हणून बुडालेली गाडी सुरूच करूं नये. ती ढकलीत मिस्त्रीकडे न्यावी. प्लग काढून सिलिंडर पाहावा, सगळें तेल काढून टाकावें, नवें भरून इंजिन थोडा वेळ चालवावें आणि तेंहि पुन्हां बदलावें.

तेलाची परीक्षा घरींहि करतां येते. गाडी सपाट जागीं, मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. इंजिन कांहीं मिनिटें चालवून बंद करावें व थोडें थांबून डिपस्टिक पाहावी. कांडी आट्यांत फिरवून मोजावयाची कीं नुसती टेंकवून, हें प्रत्येक गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. तेल काळें दिसलें म्हणजे तें वाईटच, असें नव्हे. काजळी पोटांत घेणें हें त्याचें कामच आहे. परंतु तें दुधाळ दिसलें तर पाणी शिरलें असें समजावें. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटर गळत असण्याचा संभव असतो. बोटांत चमचमणारे कण लागले तर आंत कांहींतरी झिजत आहे. लोहचुंबकाला ते चिकटले तर झीज पोलादाची. निळा धूर व वरचेवर कमी होणारें तेल हीं पिस्टनच्या कड्या किंवा व्हॉल्व्हचीं गाइड झिजल्याचीं लक्षणें होत.

तेल कोणतें घालावें याविषयीं सरसकट नियम नाहीं. मद्रासेस बनलेल्या जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचची साखळी यांसाठीं तीन निरनिराळ्या जागा असतात. इंजिनाला २०डब्ल्यू-५० हें जाड तेल लागतें. म्हैसूरची येझ्दी टू-स्ट्रोक; तिच्या इंजिनाचें तेल पेट्रोलमध्येंच मिसळावयाचें, आणि गिअरचें निराळें. १९८५ पासून आलेल्या हिरो होंडाच्या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांनाहि एकच तेल पुरतें. म्हणून डब्यावर "जासो एमए" ही खूण पाहून घ्यावी. मोटारगाडीच्या कांहीं तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात आणि त्यांमुळें असा क्लच घसरूं लागतो. महाग तेल म्हणजे योग्य तेल नव्हे.

जुनें तेल इंजिन कोमट असतांना काढावें, म्हणजे गाळहि वाहून जातो. जाळी स्वच्छ करावी, बोल्टचा वॉशर नवा घालावा. हातांत मोजे घालावे, कारण वापरलेलें तेल त्वचेला घातक असतें. मँचेस्टरच्या डॉक्टरांनीं १९२२ सालींच सूतगिरण्यांतील कामगारांना खनिज तेलामुळें होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाकडे लक्ष वेधलें होतें. काढलेलें तेल गटारांतहि ओतूं नये. मुंबईचीं पावसाळी गटारें अखेर समुद्राला मिळतात आणि थोडेंसें तेलहि पाण्यावर दूरवर पसरतें. २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल हा घातक कचरा असून तें अधिकृत परवाना असलेल्यांकडेच जावें लागतें. डब्यांत भरून, तें रीतसर पुढें पाठविणाऱ्या गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावें.

गाडीच्या कागदांबरोबर एक छोटी वही ठेवावी. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटरचा आंकडा आणि तेलाची जात, एवढ्या तीन गोष्टी तींत लिहिल्या तरी पुरे. वडिलांची गाडी संभाळणें म्हणजे तिला वर्षांतून एकदां माळ घालणें नव्हे. तिच्यावर विश्वासानें मागें बसणारें माणूस सुखरूप घरीं पोंचावें, हीच त्या वहीची खरी किंमत.