गल्ल्याचे माप

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम नावाचे गाव लागते. कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतीच्या मुलखातले हे गाव. तेथील पालैवननाथाच्या देवळाच्या आवारात विटांनी बांधलेले एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नायक राजांच्या अमदानीत ते बांधले गेले. पुढे १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले. १८५५ मध्ये तेही लयास गेले. कोठार मात्र राहिले. त्यात तीन हजार कलम भात मावे असे सांगतात. कलम हे तमिळ मुलखातील धान्याचे जुने माप. बारा मरक्कालांचा एक कलम. राज्ये गेली, नाणी बदलली, तरी त्या कोठारात तेव्हा जितके धान्य मावे तितकेच आजही मावेल. रुपयाचे तसे नाही. रुपया नावाने तोच राहतो. त्यात मावणारे धान्य मात्र वर्षानुवर्षे घटत जाते.

ही साधी गोष्ट चित्रपटांच्या हिशेबात जितकी विसरली जाते तितकी क्वचितच कोठे विसरली जात असेल. अमक्या चित्रपटाने शंभर कोटी मिळविले, तमक्याने पाचशे कोटी मिळवून सारे विक्रम मोडले, असे नित्य ऐकू येते. विक्रम मोडला हे खरे. पण तो चित्रपटाने मोडला की महागाईने, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

पापनाशमचे नाव चित्रपटसृष्टीत पोहोचले ते एका संगीतकारामुळे. १८९० मध्ये तंजावर जिल्ह्यातील पोलगम या गावी जन्मलेले रामय्या हे पापनाशम येथील वास्तव्यामुळे पापनाशम शिवन या नावाने विख्यात झाले. कर्नाटक संगीतातील त्यांच्या कृती आजही गायिल्या जातात. त्यांनी चित्रपटांसाठीही विपुल गीते रचिली. त्यांची गीते असलेला ‘हरिदास’ हा चित्रपट १९४४ च्या दिवाळीत मद्रासच्या ब्रॉडवे चित्रपटगृहात लागला आणि त्याच चित्रपटगृहात त्याने तीन दिवाळ्या पाहिल्या. १९४८ मध्ये आलेल्या जेमिनी स्टुडिओच्या ‘चंद्रलेखा’ या चित्रपटाच्या गीतकारांतही शिवन होते. त्याचे निर्माते एस. एस. वासन हेही तंजावर जिल्ह्याचेच सुपुत्र. ‘चंद्रलेखा’वर तीस लाख रुपये खर्च झाले असे सांगितले जाते, आणि त्या आकड्याने त्या काळी लोकांचे डोळे विस्फारले होते. आज तीस लाख म्हटले की एखाद्या लहानशा माहितीपटाचा खर्च डोळ्यांपुढे येतो. मग वासनांचे ते धाडस गेले कोठे?

ते आकड्याच्या आत दडलेले आहे. बाहेर काढण्यास माप हवे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमतींचा निर्देशांक सरकार दरमहा प्रसिद्ध करते. कामगाराचे कुटुंब जे खाते, नेसते व वापरते त्याची किंमत किती चढली हे त्यावरून कळते. १९६० साली हा निर्देशांक शंभर धरला होता. पुढे १९८२, २००१ व २०१६ ही नवी पायाभूत वर्षे आली, आणि जुन्या मालिकेशी नवी सांधण्यासाठी अनुक्रमे ४.९३, ४.६३ व २.८८ हे गुणक ठरविण्यात आले. हे तिन्ही एकमेकांनी गुणिले असता सुमारे ६६ येतात. २०१६ चे शंभर २०२४ मध्ये सरासरी १४१ च्या घरात गेले. म्हणजे १९६० साली जे एका रुपयात मिळे त्यास २०२४ साली सुमारे ९३ रुपये पडू लागले. ‘चंद्रलेखा’ त्याहूनही बारा वर्षे आधीची. तिचे तीस लाख २०२४ च्या रुपयांत पस्तीस कोटींच्या आसपास जातात.

‘मुघल-ए-आझम’ १९६० साली पडद्यावर आला. त्याचा खर्च सुमारे दीड कोटी सांगतात. या हिशेबाने ते एकशेचाळीस कोटी झाले. परंतु येथे एक खाचखळगा आहे. के. आसिफ यांनी या चित्रपटाचा आरंभ केला तो १९४४ च्या सुमारास. त्या दीड कोटीत महायुद्धाच्या काळातले रुपये आहेत, फाळणीनंतरचे आहेत आणि १९६० चेही आहेत. निरनिराळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच राशीत ओतावे तसे हे झाले. दहा-पंधरा वर्षे रखडलेल्या चित्रपटाने घातले तितके रुपये परत दिले, तर हिशेबाच्या वहीत तोटा दिसत नाही. पण पैसे घालणाऱ्याच्या संसारात तो दिसतो.

हाच पडताळा भाताच्या मापानेही घेता येतो. १९७५ साली आलेल्या ‘शोले’चा खर्च सुमारे तीन कोटी सांगण्यात येतो. त्या हंगामात साध्या भाताचा सरकारी खरेदीचा दर क्विंटलला ७४ रुपये होता. तीन कोटीत चार लाखांहून अधिक क्विंटल भात आला असता. २०२४-२५ च्या हंगामात हाच आधारदर २,३०० रुपये होता. तेवढ्याच भाताची किंमत सुमारे ९३ कोटी झाली. आज तीनचारशे कोटींचे चित्रपट निघतात. यावरून दिसते की महागाई वजा केल्यावरही मोठ्या चित्रपटांचा खर्च खरोखरच वाढला आहे. म्हणजे हे माप जुन्यांचा उगाच गौरव करीत नाही; वाढीपैकी खरी कोणती आणि भासमान कोणती, एवढेच ते निवडून देते.

खर्चाचे असे झाले, उत्पन्नाचे काय? तेथे निर्देशांकाहून अधिक बोलके माप म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसांची संख्या. १९१७ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’चा मद्रासमधील गल्ला बैलगाडीतून न्यावा लागला, अशी हकिकत सांगतात. ती नाणी आण्यापैशांची होती; आज त्यांची बेरीज क्षुल्लक वाटेल. परंतु प्रत्येक नाण्यामागे एक माणूस होता, आणि माणसाचे मोल महागाईने घटत नाही. अमेरिकेत १९३९ चा ‘गॉन विथ द विंड’ डॉलरांच्या यादीत केव्हाच मागे पडला. तिकिटांच्या हिशेबाने मात्र त्या देशात तो आजही अग्रभागी आहे. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षे चाललेला १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ आणि शंभर कोटींच्या घरात गल्ला नेणारा २०१६ चा ‘सैराट’ यांची तुलना करावयाची तर ती रुपयांनी नव्हे, माणसांनीच करावी लागेल. आठवडे मोजूनही भागत नाही. कारण पूर्वी थोड्या प्रती थोड्या चित्रपटगृहांत दीर्घकाळ फिरत, आणि आता एकाच दिवशी हजारो पडद्यांवर चित्रपट झळकून पंधरवड्यात उतरतो.

म्हणून गल्ल्याचा आकडा कानी पडताच तीन प्रश्न विचारावेत. हे रुपये कोणत्या सालचे? यात कर आणि चित्रपटगृहाचा वाटा धरला आहे की वगळला आहे? आणि तिकीट काढून आत गेलेली माणसे किती? ज्या आकड्यापाशी या तिन्हींचे उत्तर नाही तो आकडा जाहिरात होय, हिशेब नव्हे. हे प्रश्न केवळ अर्थशास्त्रज्ञांनी विचारावयाचे आहेत असेही नाही. कर्ज काढून पहिला चित्रपट करणारा तरुण निर्माता याच आकड्यांच्या भरवशावर घर गहाण टाकतो, आणि आपल्या आजोबांनी कोणते चित्रपट डोक्यावर घेतले होते हे नातवांना याच याद्यांवरून कळते. चुकीचे माप एकाला कर्जात लोटते आणि दुसऱ्याला इतिहासाला मुकविते.