औषध हरले, की पोहोचलेच नाही?

(हरसूल, जि. नाशिक येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या अध्यापकाने एचआयव्हीच्या चाचणीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या चाचणीच्या अहवालात अशी एक जागा आहे की जेथे प्रयोगशाळेचे ज्ञान संपते आणि मजुरीच्या बाजाराचे सुरू होते. मी तेवढ्यापुरताच अधिकार सांगतो.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थावरील मक्तेदारी नाकारली. म्हणूनच २००१ साली सिप्ला ही भारतीय कंपनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत देऊ करू शकली. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव त्याच्या कित्येक पट होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकाच गोळीत मिळतात. गोळीची किंमत रुग्णापुरती शून्य झाली. गोळी आणण्यास जाण्याची किंमत मात्र उरली.

औषध चालू असूनही रक्तातील विषाणूंची संख्या मिलिलिटरला हजाराच्या वर राहिली, तर समुपदेशन करून ती पुन्हा मोजतात. तरीही उतरली नाही तर प्रतिरोध-चाचणीचा विचार होतो. विषाणू स्वतःची नक्कल करताना घाईने पोथी उतरवणाऱ्या लेखनिकाप्रमाणे चुका करतो. एखादी चूक औषधाला दाद न देणारी निघाली की तोच वाण माजतो. प्रयोगशाळा या चुका वाचते. ‘एम १८४ व्ही’ या बदलामुळे लॅमिव्ह्युडीनचा प्रभाव ओसरतो, पण विषाणूही दुबळा होतो. म्हणून डॉक्टर पुष्कळदा ते औषध चालूच ठेवतात. उलट ‘के १०३ एन’ हा एकटा बदल नेव्हिरॅपीन व इफाव्हिरेन्झ या दोन्ही जुन्या औषधांना निकामी करतो. तेव्हा ‘प्रतिरोध’ शब्द दिसला की औषध बदला, इतके सोपे हे गणित नाही. शिवाय विषाणूच्या इंटिग्रेज या भागाची तपासणी केलीच नसेल, तर तो अहवाल डोल्युटेग्रॅव्हिरविषयी मुकाच असतो.

आता ती जागा. विषाणू भरपूर, आणि अहवाल म्हणतो, ‘प्रतिरोध आढळला नाही’. बहुधा गोळ्या नियमित पोटात गेलेल्याच नसतात. औषधाचा दाबच नाही, तर विषाणू बदलेल कशाला? पण दुसरी शक्यता फसवी आहे. प्रतिरोधी वाण तयार झालेला असतो. गोळ्या थांबून काही आठवडे लोटले की मूळ वाण पुन्हा वरचढ होतो आणि प्रतिरोधी वाण पेशींत दडून राहतो. कागद दोन्हींचा सारखाच. म्हणून रक्त शक्यतो औषध चालू असतानाच घ्यावे आणि मागचे अहवाल व पूर्वीची औषधे शेजारी ठेवून निकाल वाचावा. गोळ्या केव्हा सुटल्या आणि किती दिवस, हे मात्र रुग्णच सांगू शकतो.

आणि तो ते सांगत नाही, कारण सांगितल्यावर बोलणी खावी लागतात. भात-नागली निघाली की या हरसूलच्या पट्ट्यातील माणसे गिरणारेच्या मजूरबाजारात उभी राहतात, द्राक्षमळ्यांत उतरतात. दहा जणांच्या खोपटात राहणाऱ्या बाईने रोजची गोळी ठेवावी कोठे? नाशिकच्या केंद्रावर जावे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, शिवाय मुकादमाला कारण द्यावे लागते. दफ्तरी भाषेत याला रुग्णाची हयगय म्हणतात. मला तो मजुरीचा प्रश्न दिसतो, आणि तो तिसऱ्या, अधिक महाग औषधाने सुटणार नाही.

आपण काय करावे? कोण बाधित आहे, याच्या याद्या करीत हिंडू नये. संमतीवाचून ही माहिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्याऐवजी स्थलांतरापूर्वीच्या बैठकीत सर्वांनाच सांगावे: क्षयाच्या, रक्तदाबाच्या, कोणत्याही रोजच्या गोळ्या असोत, निघण्यापूर्वी हंगामभराच्या मागून घ्या, तितक्या मिळत नसतील तर मळ्याजवळच्या केंद्रातून मिळण्याची चिठ्ठी मागा. ज्यांना नकार मिळेल त्यांच्यासोबत, त्यांची इच्छा असेल तर, आपल्यापैकी एकाने जावे. या बैठका भातकापणीपूर्वीच घ्याव्यात. त्यानंतर गावात माणूस सापडत नाही.