आजीच्या वाट्याचं एक एकर

खुरपणी, वेचणी, काढणी, जनावरांचं शेणपाणी... आपल्या धाराशिव जिल्ह्यातली आई-आजी जन्मभर शेतात राबली. सातबाऱ्यावर तिचं नाव मात्र क्वचितच लागलं आणि पेरायचं काय, हे तिला कुणी विचारलं नाही. याची खंत वाटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं उमरगा-लोहारा पट्ट्यातली गावं कोसळली. घरं पुन्हा उभी करताना याच बायका पुढं आल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेनं त्यांचे गट बांधले. पुढं दुष्काळात या बायांनी घरच्यांकडं मागितलं ते एवढंच: एक एकर तरी आमच्या मनानं पेरू द्या. त्यात ज्वारी, तूर, मूग, भाजीपाला. खत शेणाचं नि गांडुळांचं. आधी चूल, मग बाजार. सोयाबीन हातचं गेलं तरी घरात डाळ राहावी, हा त्यामागचा हिशेब. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

शेतीचं असं शहाणपण तुमच्याही घरात असेल. आजी असेल, तर ती राखेत बियाणं कसं जपायची, हे तिला विचारा आणि लिहून ठेवा.