ताटातल्या गोडाचा हिशोब

(मंडळाच्या मधुमेह मदतनिधी भोजनाच्या वेळी केलेले भाषण)



मला वीस मिनिटं दिली आहेत, पण जेवणाआधीच्या वक्त्याने किती बोलावं याची मला कल्पना आहे, त्यामुळे लवकर आटपतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि डाएटिशियनही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. मग या विषयावर मी का उभा? तर तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ३४व्या वर्षी, वार्षिक तपासणीत माझा एवनसी ५.९ निघाला. ५.७ ते ६.४ या टप्प्याला प्रीडायबेटिस म्हणतात. म्हणजे मधुमेह घरात आलेला नाही, पण अंगणात येऊन उभा आहे. माझे वडील सोलापूरला असतात, त्यांना वीस वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. बायकोला वाटलं, कारण मी काही जाड वगैरे नाही.

पण आपल्या लोकांच्या बाबतीत नुसत्या आकृतीवर जाऊन चालत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेह-तज्ज्ञांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात स्वतःचीच उदाहरणं दिली होती. दोघांचा बीएमआय अगदी एकसारखा, २२.३. म्हणजे कागदोपत्री दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणूनच इथल्या अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ लाच सुरू करावी असं सांगितलं. माझा २४ आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांना आपला आकडा माहीत नाही त्यांनी घरी गेल्यावर काढावा, एवढीच विनंती.

असो. माझ्या डाएटिशियनने मला दिवसाला १८०० कॅलरीज ठरवून दिल्या. तिच्या कागदावर गोडापुढे फक्त एकच शब्द होता, ‘टाळा’. मी तिला विचारलं, बाई, आमच्याकडे पाडव्याला श्रीखंड, होळीला पुरणपोळी, गणपतीत मोदक, कोजागिरीला दूध, दिवाळीला लाडू-करंज्या, संक्रांतीला तिळगूळ. हे सगळं जन्मभर टाळायचं का? ती हसली आणि म्हणाली, बजेटमध्ये बसवता येत असेल तर बसव, पण आकडे लिहून आण. आता इंजिनियरला कोणी आकडे लिहून आण म्हटल्यावर काय होणार! स्वयंपाकघरात वजनकाटा आला.

आकडे तसे सोपे आहेत. एक ग्रॅम पिष्ट पदार्थ किंवा साखर म्हणजे ४ कॅलरीज, प्रथिनं ४ आणि तूप-तेल ९. विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे गणित बसवलं, ते आजही डब्यांच्या लेबलवर चालतं. आमच्या धंद्यात प्रोग्रॅम हळू चालायला लागला की आम्ही आधी प्रोफायलर लावतो, म्हणजे वेळ नक्की कुठे जातोय ते मोजतो. अंदाजाने दुरुस्ती करायची नाही. मी तेच बेसनाच्या लाडवाला लावलं. आमच्या घरचा एक लाडू साधारण ४० ग्रॅमचा. त्यात बेसन १५ ग्रॅम, पिठीसाखर १४ ग्रॅम, तूप १० ग्रॅम. बेसनाच्या ५८ कॅलरीज, साखरेच्या ५५ आणि तुपाच्या ९०. झाल्या दोनशे. म्हणजे ज्या साखरेला आपण सगळे शिव्या देतो तिचा वाटा पाव, आणि तुपाचा जवळजवळ निम्मा!

तेव्हा ‘साखर थोडी कमी घातलीये हो’ असं म्हणून दोन लाडू वाढणाऱ्या वहिनींनी हे लक्षात घ्यावं. साखर एक तृतीयांश कमी केली तरी वाचतात १८ कॅलरीज. त्यापेक्षा लाडू लहान वळा. इथे शाळेतली भूमिती कामाला येते. गोलाचं घनफळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. ४ सेंटिमीटरचा लाडू ३.२ सेंटिमीटरचा केला, म्हणजे व्यास फक्त एक पंचमांश कमी केला, तर लाडू निम्मा होतो आणि कॅलरीज शंभरावर येतात. ताटात ठेवल्यावर डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. चव तीच, तूप तेच, साखर तीच. आजचे लाडू वळणाऱ्या वहिनींनी हा प्रयोग केला आहे. कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण मी आत्ता सांगून टाकलं.

दुसरी गोष्ट गुळाची. गूळ ‘चालतो’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. शंभर ग्रॅम गुळात साधारण ३८० कॅलरीज असतात, साखरेत ३९० च्या आसपास. गुळाला चव आहे, रंग आहे, पुरणपोळीला तोच पाहिजे हे मलाही मान्य. पण हिशोबात तो साखरच. ओक ट्री रोडवरच्या दुकानांत ‘शुगर-फ्री’ काजू कतली मिळते, तिचंही तेच. साखर गेली, पण काजू तिथेच आहेत, आणि शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशे कॅलरीज असतात. शिवाय शुगर-फ्री म्हटलं की माणूस चार खातो. श्रीखंडाला चक्क्याऐवजी बिनसायीचं ग्रीक योगर्ट वापरलं तर शंभर ग्रॅममागे चाळीसेक कॅलरीज वाचतात. वाईट नाही. पण त्याच श्रीखंडात चाळीस ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरीज, तशाच बसलेल्या असतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सांगतो. आपल्या जुन्या ताटात गोड हे जेवणानंतर नव्हतंच. ते जेवणातच होतं. पुरणपोळी ही पोळीच्या जागी. तिच्याबरोबर कटाची आमटी, एखादी भाजी, थोडा भात. श्रीखंड पुरीला लावून खायचं, आमरस पोळीबरोबर. पक्वान्न आलं की साधी पोळी ताटातून जायची. डाएटिशियन ज्याला ‘सब्स्टिट्यूशन’ म्हणते ते आपल्या आज्या न मोजता करत होत्या. इथे आल्यावर आपण बुफे शिकलो आणि ‘डेझर्ट’ शिकलो. त्यामुळे आता मंडळाच्या जेवणात आधी दोन पुऱ्या, मसालेभात, बटाट्याची भाजी, वडा, आणि पोट भरल्यावर वेगळ्या टेबलावर पुरणपोळी, वर तूप. एक मध्यम पुरणपोळी तूप सोडून साडेतीनशेच्या घरात जाते. म्हणजे तीन साध्या पोळ्यांएवढी. ती पोळीच्या जागी आली तर बजेटमध्ये बसते. वरून आली तर कुठल्याच बजेटमध्ये बसत नाही. म्हणून मी आता गोड आधी वाढून घेतो आणि मग उरलेल्या जागेत काय बसतं ते बघतो. लोक बघतात, बघू देत.

सणांचंही तसंच झालंय. भारतात सण एक दिवस असतो. इथे गणपती बसले की घरचे मोदक त्या दिवशी, मंडळाचा गणपती पुढच्या शनिवारी, मग त्या आणि त्याच्या पुढच्या वीकेंडला पाच मित्रांकडे दर्शन, प्रत्येक घरी ताट. दिवाळीच्या पार्ट्या तर थँक्सगिव्हिंगपर्यंत पोचतात, आणि तिथून पुढे ऑफिसात कुकीज सुरू. एका सणाचे चार सण. माझा नियम असा की सणाचं गोड सणाच्या दिवशी घरी, मनसोक्त आणि मोजून. बाकीच्या घरी दर्शन, गप्पा, आणि प्रसाद चिमूटभर. हो, आणि चिवडा-चकली ‘गोड नाही’ म्हणून बिनधास्त खाणाऱ्यांनी तुपा-तेलाच्या त्या ९ कॅलरीज आठवाव्यात.

पण खरा चोर सणाचं गोड नाहीच. एक उकडीचा मोदक घ्या. तांदळाची पिठी १५ ग्रॅम, खोबरं १५, गूळ १०. झाल्या १४५ कॅलरीज. वर चमचाभर तूप, ४०. एकूण १८५. एकवीस मोदक एकट्याने खाल्ले तरी ३,९०० च्या आत. आता दिवसाला तीन कप चहा, कपात दोन चमचे साखर. सहा चमचे म्हणजे २४ ग्रॅम, ९६ कॅलरीज. वर्षाच्या झाल्या ३५,०००! म्हणजे चहातली साखर वर्षभरात नऊ वेळा एकवीस मोदक खाते, आणि त्याची कुणी आरतीसुद्धा करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर एकूण कॅलरीजच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांत बसली तर आणखी चांगलं. माझ्या १८०० मध्ये दहा टक्के म्हणजे ४५ ग्रॅम. त्यातले २४ चहातच संपत होते. कोकच्या बारा औंसांच्या एका कॅनमध्ये तर ३९ ग्रॅम असतात. मी चहातली साखर सोडली, मोदक ठेवला. पहिले पंधरा दिवस चहा म्हणजे काढा वाटला, नंतर सवय झाली.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. हा हिशोब वजनाचा आहे. ज्यांना मधुमेह झालेला आहे, जे गोळ्या किंवा इन्शुलिन घेतात, त्यांनी केवळ कॅलरीज बघून चालणार नाही. त्यांनी एकूण पिष्ट किती, कधी आणि कशाच्या जागी, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. काही औषधांवर जेवण चुकलं तर साखर धोकादायकरीत्या उतरते. तेव्हा ‘संध्याकाळी लाडू खायचाय म्हणून दुपारी उपास’ हे प्रकार नकोत.

आणि घरातल्या लोकांनीही थोडं सबुरीने घ्यावं. माझ्या वडिलांना आमच्या घरी गोड पूर्ण बंद होतं. फोनवर विचारलं की म्हणायचे, ‘छे, काही नाही.’ ‘बाबा, देवळात पेढा मिळाला असेल ना?’ ‘अरे, तो प्रसाद. तो काय गोडात धरायचा?’ चोरून खाल्लेलं कुणी मोजत नाही, तेच जास्त घातक. शेवटी त्यांच्या डॉक्टरांना विचारून आईने एक पद्धत बसवली. रविवारी दुपारच्या ताटात, सगळ्यांच्या समोर, दुसऱ्या पोळीच्या जागी लहानसा लाडू. आता बाबा स्वतःच वहीत लिहितात, लाडू आणि दोन तासांनंतरची साखर. गेल्या महिन्यात मला फोनवर आकडे वाचून दाखवले तेव्हा आवाजात अशी ऐट होती की जणू माझ्यापेक्षा मोठे इंजिनियर तेच! मंडळाच्या पंगतीत एखाद्या काकांनी ‘नको’ म्हटलं तर ‘एकाने काय होतंय’ म्हणून आग्रह करू नका. आणि एखाद्या काकूंनी लाडू घेतला तर ‘तुम्हाला डायबेटिस ना?’ असं चारचौघांत विचारूही नका. त्यांनी पोळी सोडली असेल, तुम्हाला काय माहीत?

आता आजच्या निधीविषयी. हा निधी भारतातल्या टाइप १ मधुमेही मुलांच्या इन्शुलिनसाठी आणि टेस्ट स्ट्रिप्ससाठी आहे. या मुलांचा आजार गोड खाल्ल्याने झालेला नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, त्याने तो होतो. यात आईवडिलांचा किंवा मुलाचा काहीही दोष नसतो. आपण इथे कॅलरीज मोजतो त्या वजन आटोक्यात राहावं म्हणून. शंभर वर्षांपूर्वी याच देशात अशा मुलांच्या कॅलरीज मोजल्या जायच्या त्या ती आणखी काही महिने जगावीत म्हणून. डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांचा उपासमारीचा आहार हा तेव्हाचा सर्वोत्तम इलाज होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ तीन वर्षं त्या आहारावर होती. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरांटोला नेलं तेव्हा ती पंधरा वर्षांची व्हायला आली होती आणि वजन होतं ४५ पौंड. तिथे आदल्याच वर्षी बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधलं होतं. एलिझाबेथला ते मिळालं, तिचं लग्न झालं, मुलंबाळं झाली, आणि ती १९८१ पर्यंत, म्हणजे इन्शुलिनवर जवळजवळ साठ वर्षं जगली.

मंत्र्याच्या मुलीला मिळालं ते आज गावाकडच्या शेतमजुराच्या मुलीलाही मिळायला हवं, आणि तेही रोज. या मुलांना महिनाभर डोस चुकवून पुढच्या महिन्यात भरून काढता येत नाही. म्हणून एकदम मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला ठरावीक रक्कम आम्हाला जास्त उपयोगी पडेल. पाकिटं प्रत्येक टेबलावर ठेवली आहेत. तुमची कंपनी मॅचिंग देत असेल तर त्याचा फॉर्म आमच्या स्वयंसेवकांकडे आहे, भरून द्यायला पाच मिनिटं लागतात. आणि चेकवर मेमोच्या ओळीत ‘मधुमेह निधी’ लिहायला विसरू नका, नाहीतर आमचे खजिनदार तो दिवाळीच्या नाटकाच्या तिकिटांत जमा करतात!