आतून येणारी हाक : स्वमग्नता आणि शरीराच्या खुणा

(बसवनगुडी, बंगळूर येथे दिलेले व्याख्यान)



कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी येथील मोठ्या नंदीच्या देवळाभोवती शेंगांची जत्रा भरते. या 'कडलेकायि परिषे'ला लांबून शेतकरी येतात आणि रस्त्याच्या दुतर्फा भुईमुगाच्या राशी लागतात. अशा जत्रेत दहा-अकरा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आईवडिलांबरोबर दुपारभर हिंडतो आहे, अशी कल्पना करावी. मीठ घालून उकडलेल्या शेंगा तो मुठीमुठीने खातो, पण पाणी मागत नाही. लघवीला जायचे का, असे विचारले तर मान हलवून नकार देतो. परतीच्या वाटेवर मात्र तो एकाएकी फतकल मारून बसतो, किंचाळतो, स्वतःचे मनगट चावतो. पाहणारे म्हणतात, 'मुलगा हट्टी दिसतो.' जाणकार म्हणतात, 'गर्दीने बिथरला.' गर्दीचा जाच त्याला झाला असेलही. परंतु त्याच्या घशाला कोरड पडली होती, मूत्राशय तुडुंब भरले होते आणि यांपैकी एकही गोष्ट त्याला नीट उमगली नव्हती, ही शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही.

शाळेच्या पुस्तकात ज्ञानेंद्रिये पाच असतात आणि ती सारी बाहेरच्या जगाकडे तोंड करून बसलेली असतात. शरीराच्या आतल्या स्थितीची वार्ता आणणारे एक स्वतंत्र संवेदन आहे, ही गोष्ट इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली. त्याला आपण अंतःसंवेदन म्हणू. पोटाचा ताण, मूत्राशयाचा फुगवटा, छातीची धडधड, त्वचेखालची ऊब यांची वर्दी मज्जातंतूंवाटे मेंदूकडे अखंड जात असते. मेंदूच्या बाजूच्या घडीत दडलेला 'इन्सुला' नावाचा एक भाग आहे. त्या शब्दाचा अर्थ बेट. या बेटावर आतल्या वार्ता एकत्र येतात आणि तेथे त्यांना जाणिवेचे रूप मिळते, असे बड क्रेग या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००२ मध्ये साधार प्रतिपादिले.

येथे भाषेकडेही थोडे लक्ष द्यावे. मराठीत माणूस भूक करीत नाही. त्याला भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते. कन्नडातही 'ननगे हसिवागिदे', म्हणजे 'मला भूक झाली आहे', असेच म्हणतात. दोन्ही भाषांत कर्ता माणूस नव्हे. कोठून तरी काही येते आणि माणसाला ते 'लागते'. ज्याला ते आपोआप लागते त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. ज्याला ते लागतच नाही, किंवा अगदी शेवटच्या क्षणी आणि तेही एका अनाम अस्वस्थतेच्या रूपाने लागते, त्याची अडचण इतरांनी ओळखायची कशी?

शास्त्रज्ञांनी ती मोजण्याचा यत्न केला आहे. १९८१ मध्ये जर्मनीतील रायनर शांड्री यांनी एक साधी चाचणी योजली. नाडीला हात न लावता, ठरावीक वेळात हृदयाचे ठोके किती पडले ते मनाशी मोजायचे आणि यंत्रावरील आकड्याशी ताडून पाहायचे. हीच चाचणी सारा गारफिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये वीस स्वमग्न प्रौढांवर व तितक्याच इतरांवर केली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. स्वमग्न व्यक्तींची मोजणी अधिक चुकली. मात्र 'तुम्हाला शरीराच्या खुणा कितपत जाणवतात?' या प्रश्नाला त्यांनी 'पुष्कळ' अशा अर्थाचे उत्तर दिले. जाणवल्यासारखे वाटणे आणि प्रत्यक्ष अचूक जाणवणे यांत हे जे अंतर पडले, ते जितके मोठे तितकी चिंता अधिक, असे त्यांना आढळले. आत काही तरी मोठ्याने वाजते आहे, पण काय ते कळत नाही. अशा अवस्थेत कोणाचाही जीव घाबरा होईल.

हे चित्र सर्वांनाच लागू पडते असे मात्र नव्हे. त्याच वर्षी लंडनमधील पुनीत शाह, जेफ बर्ड प्रभृतींनी असे दाखविले की, हा अडथळा स्वमग्नतेपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीशी निगडित असावा. स्वतःच्या भावना ओळखता न येणे आणि त्यांना शब्द न सापडणे, ही ती गोष्ट. तिला 'अलेक्सिथायमिया' हे नाव पीटर सिफ्निओस यांनी १९७३ मध्ये रूढ केले. २०१९ च्या एका एकत्रित आढाव्यानुसार सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींत ही स्थिती आढळते. इतरांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास आहे. शिवाय ठोके मोजण्याची ही चाचणी काही परिपूर्ण नव्हे. ज्याला नाडीची सर्वसाधारण गती ठाऊक आहे तो अंदाजानेही बरा आकडा सांगू शकतो. छातीचे ठोके मोजता आले म्हणून तहान कळेलच, असाही नियम नाही.

वेदनेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. आपल्याकडे स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी जी भारतीय मापनश्रेणी २००९ मध्ये तयार झाली, तिच्या चाळीस कलमांत 'वेदनेची जाणीव नसणे' या अर्थाचे एक कलम आहे. लक्षणाची नोंद म्हणून ते योग्यच आहे. पण घरात, शाळेत आणि कधीकधी दवाखान्यातही त्याचा अर्थ 'या मुलाला दुखत नाही' असा केला जातो, आणि अनर्थाला तेथूनच सुरुवात होते. कॅनडात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्त काढताना लहान स्वमग्न मुलांचे चेहरे बारकाईने तपासले गेले. वेदनेच्या खुणा त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट उमटल्या होत्या. आईबापांनी आधी केलेल्या वर्णनाशी मात्र त्यांचा मेळ बसत नव्हता. म्हणजे दुखणे होते. ते कोठे दुखते हे उमजणे आणि दुसऱ्याला सांगणे, या दोन पायऱ्या पुढे राहिल्या होत्या. कानातला पू, किडलेली दाढ, आठवड्याचा मलावरोध किंवा फुगलेले आंत्रपुच्छ त्या पायऱ्यांसाठी थांबत नाही.

आतून ही अवस्था कशी असते, याची साक्ष या शहराशी नाते असलेल्या एका मुलाने दिली आहे. टिटो राजर्षी मुखोपाध्याय हा जवळजवळ न बोलणारा स्वमग्न मुलगा म्हैसूर-बंगळुरात वाढला. येथील वाचादोषतज्ज्ञ प्रतिभा कारंत यांचे साहाय्य त्याला लाभले. वयाच्या आठव्या ते अकराव्या वर्षांच्या दरम्यान त्याने लिहिलेले पुस्तक २००० मध्ये लंडनच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने प्रकाशित केले. आपले शरीर विखुरल्यासारखे वाटते, कधी आपण केवळ एक हात किंवा एक पाय आहोत असा भास होतो, आणि गरगर फिरले की ते तुकडे एकत्र येतात, अशा आशयाचे वर्णन त्यात आहे. त्याच्या आईने पुढे अमेरिकेत ज्या शिक्षणपद्धतीचा प्रसार केला तिच्याविषयी तीव्र मतभेद आहेत. तेथील वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ती वापरू नये असेच सांगितले. टिटो मात्र स्वतःच्या हाताने लिहीत असे, आणि त्याच्या लेखनाचे मोल त्या वादामुळे कमी होत नाही. काटेकोर बोलायचे तर तो सांगतो ते अवयवांच्या जागेविषयीचे भान आहे, पोटातल्या भुकेचे नव्हे. परंतु ही दोन्ही भाने शेजारी नांदतात. आपण ज्याला वेडेवाकडे चाळे म्हणतो तो शरीर गोळा करण्याचा उद्योग असू शकतो, हे त्या मुलामुळे पुष्कळांना प्रथमच कळले.

मग घरच्यांनी करावे काय? पहिली गोष्ट, मुलाच्या मागणीची वाट पाहू नये. पाणी, जेवण आणि लघवी यांना घड्याळ लावून द्यावे. कित्येक स्वमग्न प्रौढ स्वतःसाठी हेच करतात. पाण्याची वेळ झाली की त्यांचा गजर वाजतो. पण केवळ घड्याळावर थांबणे बरे नव्हे, कारण मूल वाढते आणि घड्याळ लावणारे हात कायम पुरत नाहीत. केली माहलर या अमेरिकन व्यवसायोपचार तज्ज्ञ महिलेने या शिक्षणाचा एक क्रम आखला असून त्याचा गाभा सोपा आहे. आधी एका अवयवाची जाणीव, मग तिचे नाव, मग त्यावर करायची कृती. 'तुला कसे वाटते?' हा प्रश्न अशा मुलाला फार मोठा पडतो. गरम कॉफीचा पेला वाटीत धरून देताना 'बोटांना कोमट लागते की चटका बसतो?' असे विचारणे त्याच्या आवाक्यात असते. धावून आल्यावर त्याचा तळवा त्याच्याच छातीवर ठेवावा. जेवणाआधी आणि जेवणानंतर पोटाला हात लावायला सांगावे. शब्द घरातल्या भाषेचेच असावेत, आणि त्याने वेगळा शब्द काढला तर तोच चालू ठेवावा. पोटातल्या भुकेला कोणी 'भोक पडले' म्हणाला, तर त्यात सुधारण्याजोगे काही नाही.

डॉक्टरांकडे जाताना 'त्याला दुखत नाही' हे वाक्य तर कधीच उच्चारू नये. 'दुखले तरी तो सांगू शकणार नाही' असे सांगावे. झोप उडाली, खाणे सुटले, एकाच कानावर हात मारणे सुरू झाले, एरवी शांत असलेला मुलगा चार दिवस डोके आपटू लागला, तर त्या वर्तनावर औषध मागण्याआधी कान, दात, घसा आणि पोट तपासून घेण्याचा आग्रह धरावा. तपासणीत काही न आढळले तरी दोन दिवसांनी पुन्हा जावे.